हरकत नंबर एक

मोजणीची माणसं बिरोबाच्या माळावर आली तेव्हा हरणाबाई एका मेंढीच्या खुरातला काटा काढत बसली होती. मेंढी आडवी पाडून तिच्या मानेवर स्वतःचा गुडघा दाबलेला, हातात गोधडी शिवायची मोठी सुई. दोघंजण तीन पायांचं यंत्र रोवून त्यातून लांब बघत होते आणि तिसरा फक्कीची पांढरी रेघ ओढत चालला होता. रेघ मेंढरांच्या मधूनच गेली. एका कोकराच्या पायाला फक्की लागली, ते पाय झाडत आईकडं पळालं.

तिनं विचारलं, काय चाललंय. फक्कीवाल्यानं सांगितलं, सोलर येणार आहे. माळाची साठ एकर सरकारनं दिलीय. सगळ्या माळावर काचा बसणार, भोवतीनं तारेचं कुंपण पडणार. नोटीस लागलीय की ग्रामपंचायतीत, वाचली नाही का?

हरणाबाईनं काटा काढला, खुरात हळद दाबली आणि मेंढी सोडली. मेंढी तीन पायांवर उभी राहिली, मग चौथा टेकून बघितला आणि चरायला लागली. हरणाबाई मात्र तशीच बसून राहिली.

आवळवाडीच्या वरच्या अंगाला हा माळ आणि माळाच्या पलीकडं उतारावर पाझर तलाव. गावाचा ओढा माघ सरता सरता आटायचा, त्यानंतर मेंढरांना पाणी म्हणजे तो तलावच. सकाळभर माळावर चरायचं, ऊन चढलं की पलीकडं उतरून पाणी प्यायचं, हिवराच्या सावलीला बसायचं आणि उन्हं कलली की परतायचं. माळ बंद झाला तर डांबरी रस्त्यानं दोन कोसांचा वळसा, आणि त्या रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या. कधीकाळी वस्तीवरची चौदा घरं मेंढरं राखत होती. मग कुणी बोअर पाडली, कुणी डाळिंब लावलं, कुणाचं पोरगं फौजेत गेलं. हरणाबाईचा एकुलता एक सूरज तमिळनाडूत सोनं गाळायच्या, म्हणजे गलाईच्या, दुकानात, भट्टीपुढं. बायकोला, मायाला, तो तिकडंच घेऊन गेला होता. हरणाबाईचे मालक, तुकाराम, जाऊन आठ वर्षं झाली होती. आता वस्तीवर मेंढरं राखणारी हरणाबाई एकटीच, आणि तिची चौतीस मेंढरं.

दुसऱ्या दिवशी ती ग्रामपंचायतीत गेली. सरपंच दादासो चांगला माणूस होता. त्यानं खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाला, काकी, रातची लाईट जाणार आता. सोलर झालं की मोटरंला दिवसा लाईट. सगळं गाव ह्याच्या मागं हाय, ठराव एकमतानं झालाय. हरणाबाई म्हणाली, तिला ठरावाचं कुणी सांगितलं नाही. दादासो म्हणाला, दवंडी दिली होती, ती माळावर असेल. मग तिनं तलावाकडं जायच्या वाटेचं विचारलं. वाटेचं पुढं बघू, असं तो म्हणाला. कुणाची हरकत असेल तर पंधरा दिवसांत लिहून द्यायची आहे, तालुक्याला सुनावणी आहे, पण कोण देतंय हरकत, असं म्हणून तो हसला. वाईट हेतूनं नाही.

चहा तिनं संपवला. कप कुठं ठेवायचा ते कळेना, म्हणून तो हातात धरून ती थोडा वेळ तशीच उभी राहिली.

रात्रीच्या लाईटीचं तिला कुणी सांगायची गरज नव्हती. आठवडाभर दिवसा आणि आठवडाभर रात्री अशी मोटरीची लाईट. दोन वर्षांमागं पौषात तिच्या धाकट्या दिराचा, अर्जुनाचा पोरगा पप्पू, रात्री कांद्याला पाणी धरायला गेला आणि मण्यार चावली. पायाला काय लागलं ते त्याला चिखलात कळलंच नाही. पाणी धरून झालं तेव्हा पहाट झाली होती, आणि म्हसवडच्या दवाखान्यात नेईपर्यंत त्याच्या पापण्या मिटल्या त्या मिटल्याच. चोवीस वर्षांचा. अर्जुनाची बायको त्याच्या आधीच गेलेली. हरणाबाईच्या आणि अर्जुनाच्या घराला मधली भिंत एकच. पलीकडं तो खोकला तरी तिला अलीकडं ऐकू यायचं. ती त्याला भावजी म्हणायची, तो तिला वैनी. पप्पू गेल्यापासून दोघांचं बोलणं भाकरीपुरतं उरलं होतं. ती एक जास्तीची भाकरी थापायची, झाकून त्याच्या ओट्यावर ठेवायची. सकाळी ताट घासून तिच्या ओट्यावर आलेलं असायचं.

त्याला सांगावं की नाही, याचा विचार तिनं चार दिवस केला. पाचव्या दिवशी न सांगताच म्हसवडला गेली.

स्टँडसमोर सोनियाचं झेरॉक्सचं दुकान होतं. सोनिया गावातल्याच एका सुताराची सून, अर्ज-बिर्ज लिहून द्यायची. तिनं विचारलं, आज्जी, काय लिहू? हरणाबाई म्हणाली, लाईटीला माझं काही म्हणणं नाही. माळ सरकारचा आहे, त्यांनी घ्यावा. मेंढरांना तलावाकडं जायपुरती वाट ठेवावी, एवढंच. सोनियानं टाईप केलं आणि वर मोठ्या अक्षरात 'हरकत' असं लिहिलं. हरणाबाईनं विचारलं, दुसरा शब्द नाही का. सोनिया म्हणाली, फॉर्ममधे हाच आहे. बचत गटात शिकलेली सही हरणाबाईनं त्याखाली केली. अक्षरं एकमेकांपासून लांब लांब पडली.

पंधरा दिवस सरले आणि साऱ्या गावातून हरकत एकच आल्याचं कळलं. कागदावर तिला नंबर पडला होता, एक.

त्या संध्याकाळी अर्जुना आला. दारात उभा राहिला, आत आला नाही. ती वाघर पसरत होती, म्हणजे मेंढरं कोंडायचं सुती जाळं. एरवी तो दुसरं टोक धरायचा. आज धरलं नाही.

"वैनी, तुमी हरकत घेतली म्हनं."

"लाईटीला न्हाई घेतली, भावजी. वाट मागितलीया."

"कागदावर हरकतच म्हनत्यात तिला."

ती खुंटीवर दगड मारत राहिली.

"मला आधी सांगायचं हुतं," अर्जुना म्हणाला. "गावात मानसं मला इचारत्यात. माझ्या घरातनंच हरकत. माझ्याच."

तो गेला. त्या रात्रीही तिनं भाकरी ठेवली. सकाळी ती तशीच झाकलेली ओट्यावर होती. कपडा दवानं ओला झाला होता. तिनं ती कुस्करून एका गाभण मेंढीला चारली.

त्यानंतरचे दिवस तिनं पूर्वी काढले होते तसेच काढले, पण माणसं तेवढी कमी झाली. सुगी झाल्यावर शेतकरी मेंढरं रानात बसवायला बोलवायचे. रात्रभर मेंढरं रानात कोंडायची, लेंड्यामुताचं खत पडायचं, बदल्यात ज्वारी मिळायची. यंदा कुणी बोलावलं नाही. ती आपण होऊन दोघातिघांच्या बांधावर गेली. एकानं सांगितलं, यंदा कोंबडखत टाकलंय. दुसऱ्यानं सांगितलं, बघू पुढल्या आठवड्यात. तिसऱ्याच्या बायकोनं पाणी दिलं आणि मालक घरात नाहीत म्हणाली. मालकाच्या चपला दारात होत्या. हरणाबाईनं पाणी पिऊन तांब्या पालथा ठेवला आणि मेंढरं वळवली.

सूरजचा फोन आला. त्याला दादासोनंच कळवलं होतं. तो चिडला नाही, दमल्यासारखा बोलला. म्हणाला, आई, मेंढरं इक आणि हिकडं ये. मग मायानं फोन घेतला. इथं काहीच करायचं नाही, नुसतं बसायचं, असं ती म्हणाली. तिनं प्रेमानंच म्हटलं होतं. हरणाबाई गेल्या साली पंधरा दिवस तिकडं जाऊन आली होती. तिसऱ्या मजल्यावरची खोली, खाली रस्त्यावर कुणाची भाषा कळायची नाही, दिवसभर ती खिडकीशी बसायची. सुनावणी झाल्यावर बघते, असं तिनं सांगितलं.

सुनावणीचा दिवस आला. सकाळी मेंढरं सोडायला कुणी नव्हतं. आदल्या दिवशी तिनं आकडीनं बाभळीचं डहाळं ओढून ओढून भारा केला होता, तळहात सोलले होते. पहाटे तिनं डहाळं वाघरीत टाकलं, दोन घमेल्यांत पाणी ठेवलं. एक मेंढी आज-उद्या विणार होती. तिला वेगळं बांधावं असं मनात आलं, पण एकटी बांधली की ती ओरडून जीव देते, म्हणून आतच राहू दिली. गावातून दोन जीपगाड्या भरून माणसं तालुक्याला गेली. पहिलीत अर्जुना पुढं बसला होता. गाडी तिच्याजवळून गेली तेव्हा धुळीमुळं तिनं पदर नाकाला लावला. ती फाट्यावर जाऊन एस.टी.ची वाट बघत बसली.

तालुक्याच्या कचेरीतला तो हॉल मोठा होता. वर पंखे, समोर टेबलावर पांढरं कापड आणि पाण्याच्या बाटल्या. अधिकारी बाई होत्या, तरुण, डोळ्यांखाली काळं झालेलं. कंपनीच्या माणसानं भिंतीवर नकाशा दाखवला. हवामान बदललंय, कोळसा कमी जाळायचाय, ऊन तर आपल्याकडं फुकट आहे, असं तो चांगलं बोलत होता. माळ नकाशात करडा होता, आणि मग त्यानं बटण दाबलं तसे त्यावर निळे चौकोन उगवले, एकाला एक लागून. हरणाबाई त्यात बिरोबाचं देऊळ शोधत होती. ते एका कोपऱ्यात पांढरं ठेवलं होतं. वाट नव्हती.

माणसं उठून बोलली. बहुतेकांनी दिवसाची लाईट मागितली. मग नाव पुकारलं, अर्जुना बाळू कारंडे. तो उठला. टोपी काढली, पुन्हा घातली.

"माजं पोरगं रातच्या पान्यानं गेलं," तो म्हणाला. "दुसऱ्याचं जाऊ नये. एवढंच."

तो बसला. अधिकारी बाईंनी चष्मा काढून पुसला. आणि लगेच कारकुनानं वाचलं, हरकत नंबर एक, हरणाबाई तुकाराम कारंडे.

ती उठली तेव्हा खुर्चीचा पाय फरशीवर करकरला. सगळे तिच्याकडं बघत होते. अर्जुना बघत नव्हता. तो पुढच्या माणसाच्या पाठीकडं बघत होता.

"बाई, तुमची हरकत नेमकी काय आहे?" अधिकारी बाईंनी विचारलं.

तिनं सांगितलं. पोरगं तिच्याही घरातलंच होतं, तिनंच त्याला अंगाखांद्यावर खेळवलं होतं, लाईट झालीच पाहिजे. पण मेंढराला तहान लागली की ते दोन कोस वळसा घालून जात नाही. मधे वाट ठेवा.

दादासो अर्धा उठून म्हणाला, मॅडम, म्हणजे प्रकल्पाला त्यांचा विरोध नाही. बाईंनी मान हलवली. कारकुनानं लिहिलं आणि वाचून दाखवलं: अर्जदार यांचा प्रकल्पास विरोध नसून त्यांनी हरकत मागे घेतली आहे.

"मागं न्हाई घेतली," हरणाबाई म्हणाली.

कारकून थांबला.

"मागं घ्याया मी एस.टी.नं आले न्हाई. वाट ल्ह्या."

मागं कुणीतरी हसलं. अधिकारी बाईंनी हसणाऱ्याकडं बघितलं आणि कारकुनाला खोडायला सांगितलं. मग त्यांनी विचारलं, किती रुंद वाट? हरणाबाईनं मनात मेंढरं चालवली. तहानलेली मेंढरं रांगेनं जात नाहीत, पसरून धावतात, अरुंदात कोंडली की कोकरं तुडवतात. ती म्हणाली, बारा पावलं.

"आणि या वाटेनं किती लोक जातात?"

तिच्या डोळ्यांपुढं चौदा घरांची मेंढरं आली, धूळ आली, मालक पुढं चालताना दिसले.

"आता मी एकलीच," ती म्हणाली.

बाईंनी ते लिहून घेतलं. कारकुनानं पुन्हा सगळं वाचून दाखवलं, यावेळी भराभर. तिला हरकत ऐकू आली, वाट ऐकू आली, बारा ऐकू आलं. तिनं सही केली.

परतायला गाड्या होत्या, पण तिला कुणी चल म्हणालं नाही आणि तीही गेली नाही. एस.टी. उशिरा मिळाली. ती वस्तीवर पोचली तेव्हा दिवस मावळायला टेकला होता. लांबूनच मेंढरं ओरडताना ऐकू आली. घमेली दुपारीच पालथी झालेली. मेंढी व्याली होती. कोकरू वाघरीत मान अडकून मेलं होतं, अंगावरची जार अजून वाळली नव्हती. मेंढी त्याला चाटत होती, थांबत होती, परत चाटत होती. हरणाबाईनं जाळ्याची दोरी विळ्यानं कापली. कोकरू मादी होतं. तिनं आधी सगळ्यांना पाणी पाजलं, मेंढीची कास पिळून मोकळी केली, मग घरामागं खड्डा घेतला. जमीन कठीण होती. पलीकडच्या घरात दिवा लागला होता. कुदळीचा आवाज तिथं जात असणार. ती मधेच थांबून ऐकायची आणि पुन्हा कुदळ मारायची.

दीड महिन्यानं पोस्टातून कागद आला. तो घेऊन ती सोनियाकडं गेली. सोनियानं वाचलं आणि आनंदानं म्हणाली, आज्जी, मिळाली की वाट. पाझर तलावापर्यंत बारा फूट रुंदीचा रस्ता मोकळा ठेवावा, असं लिहिलंय.

"फूट?" हरणाबाईनं विचारलं.

"व्हय, फूट."

"मी पावलं म्हनलं हुतं."

सोनियानं कागद उलटसुलट बघितला. हरणाबाईची सही असलेल्या जबाबाची नक्कल सोबत जोडली होती, त्यातही फूटच होतं. तीस दिवसांत अपील करता येईल, असं खाली होतं. करायचं का, असं तिनं विचारलं. हरणाबाईनं विचारलं, परत तितंच जाऊन बसायचं? सोनिया म्हणाली, त्याच्या वरच्या कचेरीत, साताऱ्याला. हरणाबाईनं कागदाची घडी घातली. मेंढरं कुणावर टाकून जायचं हे तिनं सोनियाला विचारलं नाही, कारण त्याचं उत्तर सोनियाकडं नव्हतं.

पावसाळा सरता सरता कुंपण पडलं. दोन्ही बाजूंनी उंच जाळी आणि मधे वाट, बोळासारखी. पहिल्या दिवशी मेंढरं आत जाईनात. तिनं म्होरक्या मेंढीला शिंगाला धरून ओढलं तशी बाकीची घुसली, आणि निम्म्यात पाण्याचा वास येताच धावायला लागली. दोन्हीकडच्या जाळीला अंगं घासत, एकमेकींवर चढत. तलावावर पोचल्यावर तिनं मोजलं. दोन कोकरं मागं राहिली होती. परत जाऊन बघितलं तर एक उठलं, एक उठलं नाही. जाळीला लोकरीचे पुंजके लागले होते आणि आतल्या काचांच्या सावलीत हिरवंगार गवत माजलं होतं.

चरायला माळ उरला नव्हता आणि वाट पुरत नव्हती. पुढच्या बाजारात तिनं मेंढरं काढली. व्यापारी पाठीच्या कण्यावर बोटं दाबून एकेक बघत होता. तिनं त्याच्याकडं पाठ केली. अकरा तेवढी ठेवली, सगळी जुनी, ज्यांना ती नावानं हाक मारायची. सूरजला फोनवर सांगितलं, इकली. तो म्हणाला, सगळी? ती व्हय म्हणाली. त्याच्याशी ती पहिल्यांदाच खोटं बोलली होती.

पौषात दिवसाची लाईट आली. ग्रामपंचायतीपुढं नारळ फुटला, पेढे वाटले. त्यानंतर तिसऱ्याचौथ्या दिवशी ती मेंढरं घेऊन वाटेकडं निघाली होती. वाट सुरू होते तिथं अर्जुनाच्या रानाचा बांध लागतो. सकाळचे दहा वाजले असतील. स्वच्छ उन्हात अर्जुना कांद्याला पाणी धरत उभा होता, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून, उघड्या पायांनी चिखलात. खाली वाकून तो बराच वेळ स्वतःच्या पायांकडं बघत होता. पाय स्पष्ट दिसत होते. पाणीही दिसत होतं, त्यातला एकेक खडा दिसत होता.

ती मेंढरं हाकत पुढं निघाली.

"वैनी."

सुनावणीनंतर हा त्याचा पहिला शब्द. ती थांबली. मेंढरं बांधाचं गवत खायला लागली.

तो खोरं टेकून उभा राहिला. मोटरीचा आवाज येत राहिला.

"तुमी तवा पावलं म्हनला हुता."

"व्हय."

"त्यो कारकून वाचताना फूट म्हनला. मी ऐकलं." तो तिच्याकडं बघत नव्हता. "मी तितं मागंच बसलो हुतो. उठून सांगायचं हुतं. न्हाई उठलो."

हरणाबाईनं हातातली काठी दुसऱ्या हातात घेतली. पुष्कळ काही तिच्या मनात आलं. ते तुडवलेलं कोकरू आलं, व्यापाऱ्याची बोटं आली, ओट्यावरची ओली भाकरी आली. मग समोर बघितलं तर अर्जुना वाकलेला दिसला, मालकांपेक्षा पंधरा वर्षांनी धाकटा असून मालक शेवटी दिसायचे त्याहून म्हातारा.

"आता अकराच हायत, भावजी," ती म्हणाली. "पुरती वाट."

त्यानं मान हलवली. काहीतरी आणखी बोलायला तोंड उघडलं, पण पाणी सरीच्या टोकाला जाऊन बांध फोडायला लागलं होतं. तो खोरं घेऊन तिकडं पळाला. चिखल ओढून त्यानं पाण्याचं तोंड बंद केलं, दुसरी सरी उघडली.

मान वर करून बघितलं तेव्हा हरणाबाई वाटेत शिरली होती. दोन जाळ्यांच्या मधून अकरा मेंढरं सावकाश चालली होती, कुणी कुणाला न रेटता, आणि त्यांच्या मागं ती. दोन्ही अंगाला भरपूर जागा मोकळी होती.